सॉफ्टवेअरची खरेदी : जोखीम कोणाची ?



तराजू विकत घ्यावयाचा झाला तर तो कसा पारखावा हें आपल्यांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. पारडीं रिकामीं असतांना कांटा मध्यावर उभा राहतो कीं नाहीं तें पाहावें, मग एकीकडे वजन व दुसरीकडे वस्तु घालून तोलावें, आणि शेवटीं दोहोंची अदलाबदल करून पुन्हा तोलावें. दोन मिनिटांचें काम. कापडाचा पोत बोटांनीं चाचपतां येतो, आंब्याचा वास देंठाशीं घेतां येतो, मडकें टिचकी मारून वाजवितां येतें. आज मी ज्या मालाविषयीं बोलणार आहें त्याला पोत नाहीं, वास नाहीं, आवाज नाहीं. आणि त्याची खरी पारख होते ती बहुधा पैसे देऊन झाल्यावर, कित्येकदां तर जुना तराजू मोडींत काढल्यावर. हा माल म्हणजे धंद्याचें सॉफ्टवेअर : पगार काढणारें, खातेवह्या लिहिणारें, गुदामांतील माल मोजणारें, देणेंघेणें सांभाळणारें.

‘असला माल आम्हांला कोठें घ्यावयाचा असतो ?’ असें कांहीं श्रोते मनांत म्हणत असतील. पण आपल्या गृहनिर्माण संस्थेचें दरमहाचें बिल, मुलांच्या शाळेच्या फीची पावती, पतपेढींतील ठेवीचें पासबुक आणि महिनाअखेरचा आपला पगार, हीं सारीं आतां कोणीतरी कोठेंतरी विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडतात. खरेदीच्या कागदावर सही करणारा एक असतो, आणि खरेदी फसली तर भोगणारे पुष्कळदां दुसरेच असतात. या विषयावरील पुस्तकांतून जोखमीची वर्गवारी नाना तऱ्हांनीं केलेली आढळते : तांत्रिक जोखीम, आर्थिक जोखीम, कायद्याची जोखीम, सुरक्षिततेची जोखीम. ही वर्गवारी चुकीची नाहीं, पण ती वाचून कोणाची झोंप उडाल्याचें मीं पाहिलेलें नाहीं. मी स्वतः प्रत्येक जोखमीला एकच प्रश्न विचारतों : ही शेवटीं कोणाच्या अंगावर येणार ?

पहिली जोखीम मालांत नसते, गिऱ्हाइकांत असते. गिऱ्हाइकाला स्वतःचेंच काम पुरतें ठाऊक नसतें. हें विधान कोणाला उद्धटपणाचें वाटेल, म्हणून एक उदाहरण जरा विस्तारानें सांगतों.

ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलँड नांवाचें राज्य आहे. तेथील सरकारी आरोग्यखात्यांत डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकी, सफाईकामगार असे सर्व मिळून सुमारे ७८,००० लोक नोकरींत होते. त्यांचे पगार काढणारी जुनी प्रणाली थकली होती. ती पुरविणाऱ्या कंपनीनें द्यावयाचा आधार २००८ सालीं संपला. तेव्हां आयबीएम कंपनीकडून नवी प्रणाली घेण्याचें ठरलें. हें काम म्हणजे तात्पुरती सोय, दुसऱ्या एका सरकारी खात्यासाठीं तयार झालेला आराखडाच थोड्या फेरफारांनीं येथें बसवावयाचा, अशी मूळ कल्पना होती, आणि त्याची प्रारंभींची किंमत ठरली होती सुमारे ६२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. १४ मार्च २०१० रोजीं नवी प्रणाली सुरू झाली. लागलीच पगारांत गोंधळ उडाला. कित्येकांना कांहींच मिळालें नाहीं, कित्येकांना कमी मिळालें, आणि कित्येकांना हक्कापेक्षां जास्त मिळालें. हे शेवटचे लोक तरी सुखी झाले असतील असें आपणांस वाटेल; पण त्यांची निराळीच फजिती झाली, कारण घरांत खर्चून गेलेला पैसा परत करा अशी मागणी त्यांच्याकडे मागाहून आली. रात्रपाळी करून घरीं आलेल्या परिचारिकेनें पगाराची चिठ्ठी उघडावी आणि घरभाडें कोठून द्यावें या विवंचनेंत पडावें, अशी स्थिति एका सधन देशांत, सरकारी नोकरींत, महिनोगणती राहिली.

असें कां झालें ? त्या खात्यांत पगाराचे नियम ठरविणारे तेरा निवाडे होते, शिवाय निरनिराळ्या कामगार-संघटनांशीं केलेले करार होते, दोनशेंहून अधिक भत्ते होते. आणि या सर्वांच्या गुंत्यांतून पगार मोजण्याच्या २४,००० हून अधिक तऱ्हा निघत होत्या. यांपैकीं कोणते नियम नव्या प्रणालींत आलेच पाहिजेत, याची नक्की आणि पुरती यादी सरकारनें केलीच नाहीं, आणि विक्रेत्यानेंही ती हट्ट धरून मागून घेतली नाहीं. आणखी एक गोष्ट घडली, ती मला फार बोलकी वाटते. याच सुमारास पगाराचें काम जागजागच्या रुग्णालयांकडून काढून केंद्रांत आणण्यांत आलें. त्यामुळें रुग्णालयांतील अधिकारी आणि त्यांचा ओळखीचा पगार-कारकून यांचा संबंध तुटला. आपल्याकडे कोणत्याही जुन्या पेढींत किंवा कचेरींत ‘हें तात्यांना विचारा’ असा एक अलिखित नियम असतो. हे तात्या कोठल्याही नकाशांत, कोठल्याही नियमावलींत नसतात. पण अर्धे अपवाद त्यांच्याच डोक्यांत असतात. सॉफ्टवेअर घेतेवेळीं सगळ्यांना बैठकीला बोलावतात, मोठमोठ्या अधिकाऱ्यांना फराळ देतात, आणि तात्या मात्र आपल्या टेबलाशीं काम करीत बसलेले असतात.

प्रणाली सुरू करण्यापूर्वीं चांचण्या झाल्या नव्हत्या असें नाहीं. झाल्या होत्या, आणि त्यांत दोषही दिसले होते. पण जुनी प्रणाली केव्हां बंद पडेल या भीतीनें सगळ्यांना घाई झाली होती. तेव्हां दोष दूर होण्याची वाट न पाहतां, कोणता दोष गंभीर समजावयाचा याचे निकषच सैल करण्यांत आले. ज्याला तापमापक यंत्रावरील रेघ खालीं खोडून ताप उतरविणें म्हणतां येईल, तो हा प्रकार. पुढें हातानें दुरुस्त्या करण्यासाठीं हजाराच्यावर माणसें पगाराच्या कामावर बसवावीं लागलीं, आणि कांहीं वर्षांचा सगळा खर्च मिळून आंकडा सुमारे १२० कोटी डॉलरांवर जाईल असा अंदाज निघाला. ६२ लाखांचे १२० कोटी ! २०१३ सालीं रिचर्ड चेस्टरमन या निवृत्त न्यायाधीशांच्या चौकशी-आयोगानें या प्रकरणाचा अहवाल दिला. सरकारनें कंपनीवर दावाही लावला. पण २०१० सालींच सरकारनें कंपनीशीं तडजोड करून आपले हक्क सोडून दिले होते, त्यामुळें न्यायालयानें निकाल कंपनीच्या बाजूनें दिला. कराराच्या कागदावरील जोखीम अशा रीतीनें फिरत फिरत परिचारिकेच्या आणि करदात्याच्या अंगावर येऊन थांबली.

येथें एक लहानशी गोष्ट सुचवावीशी वाटते. विक्रेता आपल्या मालाचें प्रात्यक्षिक दाखवितो तें त्यानें स्वतः तयार केलेल्या नमुन्यावर. त्या नमुन्यांतील प्रत्येक गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतें, कोणी माल परत करीत नाहीं, कोणाचें नांव दोनदां लिहिलेलें नसतें. असल्या सुखी जगांत कोणतेंही सॉफ्टवेअर चालेल. आपण आपल्या खणांतील अत्यंत किचकट असे पांच कागद काढावे आणि ‘यांवर चालवून दाखवा’ म्हणावें. या कागदांविषयीं शेवटीं पुन्हा बोलेन.

दुसरी जोखीम पहिलीची धाकटी बहीण आहे. तयार सदरा विकत घ्यावा, आणि तो अंगाला बसत नाहीं म्हणून त्याची शिवण उसवून, बाह्या कापून, खांद्यांत पट्टी जोडून तो आपल्या मापाचा करूं लागावें, तशी ही गोष्ट आहे. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम नगरपालिकेनें १९९९ पासून वापरांत असलेली आपली हिशेबाची प्रणाली काढून एप्रिल २०२२ मध्यें ओरॅकल कंपनीची प्रणाली सुरू केली. मूळ बेत असा होता कीं, प्रणाली जशी आहे तशी घ्यावी व नगरपालिकेनें आपल्या पद्धति तिच्याप्रमाणें बदलाव्या. प्रत्यक्षांत उलट झालें. जुन्या पद्धति तशाच ठेवून प्रणालींत फेरफार करण्यांत आले. बँकेंतील जमा आणि वहींतील जमा यांचा मेळ घालणारा भाग तर मुद्दाम निराळा बनवून घेतला, आणि तोच चालेना. मूळ अंदाज सुमारे २ कोटी पौंडांचा, तो पुढें १० कोटींच्या वर गेला. सप्टेंबर २०२३ मध्यें त्या नगरपालिकेनें अत्यावश्यक खर्चाखेरीज इतर नवा खर्च थांबविल्याची कायदेशीर सूचना काढली. तिचें मोठें कारण स्त्री-कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाच्या दाव्यांचें देणें हें होतें, सगळें खापर सॉफ्टवेअरच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पण ज्या वेळीं तिजोरींत नक्की किती आहे हें कळणें अत्यंत निकडीचें होतें, त्याच वेळीं हिशेबाचें यंत्र आंधळें झालें होतें, हें मात्र खरें.

तिसऱ्या जोखमीचें उदाहरण आपल्या मुंबईंतीलच आहे. तिच्यांत एकही प्रणाली बिघडलेली नव्हती. प्रत्येक आपापल्या जागीं ठीक चाललेली होती. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईंतील ब्रॅडी हाउस शाखेंतून परदेशांतील बँकांना हमीचे निरोप स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेश-व्यवस्थेवरून जात असत. बँकेच्या खातेवह्या दुसऱ्या प्रणालींत होत्या. या दोन्ही प्रणाली एकमेकींस जोडलेल्या नव्हत्या. निरोप पाठविणाऱ्यानें खातेवहींत नोंद केली नाहीं, तर ती नोंद कोठेंच होत नसे. आणि हमी मात्र परदेशांत खरी ठरे. फेब्रुवारी २०१८ मध्यें हा प्रकार उघडकीस आला तेव्हां प्रथम सांगितलेला आंकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता. रिझर्व्ह बँकेनें अशा गैरवापराविषयीं ऑगस्ट २०१६ पासून निदान तीनदां बँकांना सावध केलें होतें. नंतर ३० एप्रिल २०१८ पर्यंत दोन्ही प्रणाली जोडण्याची मुदत घालून दिली. चोरी माणसांनीं केली, यांत शंका नाहीं. पण दोन खोल्यांच्या भिंती भक्कम बांधून मधला बोळ उघडा ठेवला तर चोर बोळांतूनच येणार. सॉफ्टवेअर विकत घेतांना आपण खोली विकत घेतों; बोळ कोणी विकत नसतो, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं.

आतां चौथा प्रकार. येथें ‘खरेदी’ हा शब्दच फसवा आहे. घर विकत घेतल्यावर बांधणाऱ्यानें येऊन ‘उद्यांपासून भाडें द्या’ असें म्हटलें तर आपण त्याला वेड्यांत काढूं. सॉफ्टवेअरच्या धंद्यांत असें म्हणतां येतें. व्हीएमवेअर ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रॉडकॉमनें विकत घेतली, आणि त्याच डिसेंबरांत कायमचे परवाने विकणें बंद करून यापुढें ठराविक मुदतीची वर्गणीच भरावी लागेल असें जाहीर केलें. ज्यांनीं आपला सर्व कारभार त्या सॉफ्टवेअरवर उभा केला होता, त्यांना रागावण्यापलीकडे झटपट दुसरें कांहीं करतां येण्याजोगें नव्हतें. आपण वापरतों तो बहुधा परवाना असतो, मालकी नव्हे. आपण भाडेकरू असतों, आणि पुष्कळदां भाडेपत्र न वाचलेले भाडेकरू.

भाडें वाढणें हा एक प्रकार झाला. दारच बंद होणें हा दुसरा. जुलै २०२५ मध्यें युरोपीय संघानें रशियाविरुद्धच्या निर्बंधांत नायरा एनर्जी या भारतीय कंपनीचें नांव घातलें, कारण तिच्यांत रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा ४९ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा आहे. गुजरातेंत वाडीनार येथें या कंपनीचा मोठा तेलशुद्धीचा कारखाना आहे आणि देशभर तिचे पेट्रोलपंप आहेत. थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टनें तिला द्यावयाच्या सेवा थांबविल्या. पैसे भरलेले होते, परवाने चालू होते. तरी नोकरांना आपलीं पत्रें उघडतां येईनात. कंपनीनें दिल्ली उच्च न्यायालयांत धांव घेतली, आणि त्यानंतर सेवा पुन्हा सुरू झाल्या. भारतांतील कंपनी, भारतांतील काम. आणि त्यावर परिणाम करणारा निर्णय ब्रुसेल्समधील. राजकारणाचा वाद येथें करावयाचा नाहीं. सांगावयाचें एवढेंच कीं, विक्रेता कोणत्या देशाच्या कायद्याखालीं वागतो, हा प्रश्नही दरपत्रक पाहतांना विचारावा लागतो, आणि मीं तो विचारलेला फारच थोड्या ठिकाणीं पाहिला आहे.

एवढें मोठें उदाहरण नको असेल तर माझ्या ओळखीच्या एका पतपेढीचें सांगतों. मी तिच्या हिशेबाच्या कामाशीं कांहीं वर्षें संबंधित होतों. पतपेढीनें एका लहान विक्रेत्याकडून खातेवह्यांचें सॉफ्टवेअर घेतलें होतें. माणूस सज्जन, दर माफक, हांक मारली कीं येणार. सहा वर्षांनीं त्यानें तो धंदा सोडला. संगणक चालू होता, सॉफ्टवेअरही चालू होतें. पण नवा व्याजदर घालावयाचा तर परवलीचा शब्द त्याच्यापाशीं, आणि माहिती दुसऱ्या प्रणालींत न्यावयाची तर ती अशा सांच्यांत कोंडलेली कीं दुसऱ्या कोणाला वाचतां येईना. फसवणूक कोणीच केली नव्हती. शेवटीं चिटणीसांनीं कपाटांतल्या छापील पावत्या काढल्या आणि त्या उन्हाळ्याच्या सुटींत सभासदांच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलांना बसवून खातीं पुन्हा हातानें भरून घेतलीं. सुमारे अकराशें खातीं. त्या दिवसांत एका वृद्ध विधवा बाईंना आपली मुदत-ठेव मोडावयाची होती, रुग्णालयाचें बिल भरण्यासाठीं. तिला नेमकें व्याज किती हें सांगतां येईना, म्हणून अंदाजानें उचल दिली. त्या बाईंनीं सॉफ्टवेअर हा शब्द बहुधा ऐकलाही नसेल. करार करतांनाच ‘आमची सर्व माहिती, कोणालाही वाचतां येईल अशा रूपांत, मागूं तेव्हां विनाशुल्क मिळेल’ असें एक वाक्य घातलें असतें तर हें टळलें असतें. मोठ्या खरेदींत याच्याही पुढें जाऊन सॉफ्टवेअरची मूळ लिखित संहिता एखाद्या तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून ठेवण्याची चाल आहे. विक्रेता बुडाला तर ती गिऱ्हाइकाच्या हातीं यावी म्हणून. लहान गिऱ्हाइकाला तें झेपणार नाहीं, पण वर सांगितलेलें वाक्य फुकट आहे.

पांचवी जोखीम दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची. मेअर्स्क ही डेन्मार्कची जगप्रसिद्ध जहाज-कंपनी. युक्रेनमध्यें कर भरण्यासाठीं तेथील व्यापारी जें हिशेबाचें सॉफ्टवेअर सर्रास वापरीत, त्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तींतूनच हल्लेखोरांनीं एक घातक कार्यक्रम सोडला. २७ जून २०१७ रोजीं तो भडकला, आणि कांहीं तासांत मेअर्स्कचा कारभार जगभर ठप्प झाला. आपल्या न्हावाशेवा बंदरांतील, त्याच कंपनीच्या परिवारांतल्या एका धक्क्यावरचेंही काम त्या दिवशीं अडलें. कंपनीला ४,००० मोठे आणि ४५,००० लहान संगणक नव्यानें उभे करावे लागले, आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरांत गेलें. या प्रसंगांतील एक हकीकत पुढें प्रसिद्ध झाली. संगणकांच्या जाळ्याची ओळखपाळख ठेवणारी जी मुख्य नोंदवही, तिच्या साऱ्या प्रती नष्ट झाल्या होत्या. एकच वांचली, ती आफ्रिकेंतील घाना देशांतल्या कचेरींत. कां, तर तेथें त्या वेळीं वीज गेलेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता ! वीज जाण्याला आपण इतके दिवस नांवें ठेवीत आलों, पण तिचाही एखादे वेळीं उपयोग होतो म्हणावयाचा. विनोद सोडला तरी त्यांतील अर्थ उघड आहे : जी प्रत मूळ यंत्राला सदैव जोडलेली असते, ती प्रतच नव्हे.

याच जातीची लहान घटना आपल्याकडे ३१ जुलै २०२४ ला घडली. अनेक सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, म्हणून तिला देशाच्या देयक-व्यवस्थेपासून तात्पुरतें तोडण्यांत आलें, आणि सुमारे तीनशें लहान बँकांचे ग्राहक एक-दोन दिवस अडकून पडले. त्या बँकांनीं स्वतः कोणती चूक केली होती ? केली असलीच तर एवढीच, कीं ‘तुमचा पुरवठादार पडला तर आम्ही त्या दिवशीं काय करावयाचें’ हें आधीं ठरवून ठेवलें नव्हतें.

वेळ संपत आली. पण एक प्रकार सांगितल्याखेरीज मला थांबतां येणार नाहीं, कारण त्यांत नुसते पैसे गेले नाहींत, माणसें गेलीं. ब्रिटनमध्यें खेडोपाडीं एखादा दुकानदार आपल्या दुकानांतच पोस्टाची शाखा चालवितो. १९९९ पासून या शाखांना होरायझन नांवाची हिशेबाची प्रणाली देण्यांत आली. ती पुरविणारी कंपनी पुढें फुजित्सु या नांवानें चालूं लागली. प्रणालींत दोष होते. शाखेच्या हिशेबांत नसलेली तूट दिसे, कधीं शेंकडों पौंडांची, कधीं हजारोंची. करार असा कीं, तूट शाखाचालकानें भरून द्यावी. लोकांनीं घरें गहाण टाकून तूट भरली. ज्यांना भरतां आली नाहीं किंवा ज्यांनीं ‘यंत्र चुकतें आहे’ असें म्हटलें, त्यांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. २०१० सालीं एका गर्भवती शाखाचालिकेला तुरुंगांत धाडलें. ती निर्दोष असल्याचा निर्णय अपील न्यायालयानें दिला तो २०२१ सालीं. ‘असें फक्त तुमच्याच शाखेंत होतें’ हें उत्तर कित्येकांना मदतीच्या दूरध्वनीवर मिळालें होतें, आणि तें खोटें होतें. २०१९ च्या डिसेंबरांत लंडनच्या उच्च न्यायालयानें प्रणालींत दोष असल्याचें निःसंदिग्ध सांगितलें, आणि २०२४ सालीं पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. २०२५ सालच्या चौकशी-अहवालांत या छळापायीं तेराजणांनीं जीव दिला असण्याची शक्यता नमूद आहे.

या प्रकरणाला लोक ‘संगणकाची चूक’ म्हणतात. माझ्या मतें ती खरेदीची चूक आहे. प्रणाली घेणाऱ्या खात्यानें तिच्या दोषांची जोखीम स्वतःकडे ठेवली नाहीं, विक्रेत्याकडेही ठेवली नाहीं. शाखाचालकाशीं केलेल्या करारांतल्या एका कलमानें ती सर्वांत दुबळ्या माणसाच्या डोक्यावर ठेवून दिली. आणि त्याच्या हातीं मूळ नोंदी पाहण्याचें साधन दिलें नाहीं. आपल्या कचेरींत, संस्थेंत, शाळेंत उद्यां नवें सॉफ्टवेअर येईल तेव्हां ‘यंत्रानें दाखविलेल्या रकमेविषयीं तक्रार असणाऱ्याला ती रक्कम कशी आली हें पायरीपायरीनें पाहतां येईल काय, आणि तोंपर्यंत त्याच्याकडून वसुली थांबेल काय’ हे दोन प्रश्न कोणीतरी विचारावे. ते विचारण्यास तंत्रज्ञान येण्याची गरज नाहीं.

आतां त्या पांच कागदांविषयीं सांगतों. उन्हाळ्यांत हात पोळलेल्या पतपेढीनें दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर घ्यावयाचें ठरविलें तेव्हां चिटणीसांनीं विक्रेत्याच्या माणसापुढें खरोखरच पांच जुन्या पावत्या ठेवल्या. तो बिचारा त्या घेऊन गेला आणि आठव्या दिवशीं परत आला. चार हिशेब बरोबर जुळले. पांचवा होता मुदतीपूर्वीं मोडलेल्या ठेवीचा, ज्या ठेवीवर आधीं कर्जही काढलेलें होतें. त्यांत अकरा रुपयांचा फरक आला. चिटणीस विजयी मुद्रेनें माझ्याकडे पाहूं लागले. आम्ही नियमावली काढली, कागद-पेन्सिल घेऊन बसलों, आणि पाऊण तासानें ध्यानांत आलें कीं सॉफ्टवेअरचा आंकडा बरोबर होता. चूक आमची होती, आणि तसल्या प्रत्येक ठेवींत ती कित्येक वर्षें होत आली होती. त्या महिन्याच्या सभेंत ठराव करून जुन्या ठेवीदारांचा फरक त्यांच्या खात्यांवर जमा करण्यांत आला.